'शेनिन' आणि 'स्टीन' : एका द्राक्षजातीच्या नामेतिहासाचा विचार

कोणत्याही पिकाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे अभ्यासकाच्या हाती प्रथम लागतात ती नावे. ज्या पिकाची ती नावे, ते पीक बहुधा शेतातून केव्हाच गेलेले असते. मठांची दानपत्रे, जकातीच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या आणि प्रवाशांची वर्णने यांत आढळणाऱ्या शब्दांवरून पीक ओळखावयाचे; एकच शब्द दोन ठिकाणी दिसला की दोन्हीकडे एकच पीक होते असे मानावयाचे, आणि शब्द निराळा दिसला की पीकही निराळे समजावयाचे, ही रीत फार अंगवळणी पडलेली आहे. नाव आणि वस्तू यांची जोडी पक्की असते, हे तिच्यामागील गृहीतकृत्य होय. ते सर्वत्र टिकत नाही, आणि जेथे टिकत नाही तेथे त्यावर उभारलेला इतिहासही डळमळू लागतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात नावारूपास आलेली, दक्षिण आफ्रिकेत सर्वाधिक पसरलेली आणि गेल्या पाव शतकात नाशिकच्या मळ्यांतही रुजलेली ही जाती आहे. तिच्यापासून कोरडे, निमगोड, अतिगोड आणि फेसाळ असे चारही प्रकारचे मद्य तयार होते. तिची नावे तर याहूनही अधिक आहेत. ही नावे कशी पडली, कोठे हरवली, आणि त्यांच्यामुळे प्रत्यक्ष मळ्यांचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. वेलीचे स्थैर्य आणि शब्दाची चंचलता

द्राक्षवेलीची एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. द्राक्षाची बी पेरून मिळणारे झाड मूळ वेलीसारखे निपजत नाही. म्हणून हजारो वर्षांपासून शेतकरी वेलीची काडी लावून किंवा कलम करून तिची वाढ करीत आला आहे. काडीपासून वाढलेली वेल ही नवी संतती नसते. जनुकीय दृष्टीने ती जुन्याच वेलीचा पुढे चालू राहिलेला देह असते. मधल्या काळात काही बारीक फेरफार होतात, तथापि जातीची ओळख त्यामुळे पुसली जात नाही. ऑर्लेआँ येथील उत्खननात मिळालेली सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची एक द्राक्षबी आजच्या 'साव्हान्यँ' या जातीशी जनुकीयदृष्ट्या तंतोतंत जुळते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. ही साव्हान्यँ जाती म्हणजे शेनिनच्या जनकांपैकी एक होय, असे जनुकीय परीक्षणांवरून मानले जाते. सोव्हिन्याँ ब्लाँ हीही तिचीच संतती असल्याने शेनिन आणि सोव्हिन्याँ या दोन जाती परस्परांच्या निकटच्या आप्त ठरतात.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक उलटापालट जाणवेल. शब्दाच्या इतिहासात ध्वनिरूप पुष्कळदा टिकून राहते आणि अर्थ बदलत जातो. 'मृग' हा शब्द एके काळी पशुमात्राचा वाचक होता, पुढे तो हरणापुरता उरला. शब्द तोच, त्याने दाखविलेली वस्तू निराळी. द्राक्षजातीच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. वस्तू शतकानुशतके तीच राहते आणि तिच्यावरचे शब्द मात्र गावोगाव, भाषेगणिक बदलत जातात. ज्याच्या हाती केवळ शब्द आहेत त्या इतिहासकाराला हा सातत्याचा धागा दिसण्याचे साधन उरत नाही.

२. ल्वारचे खोरे : स्थळनाम आणि जातिनाम

शेनिनचे मूळ क्षेत्र म्हणजे ल्वारच्या मध्य खोऱ्यातील आंजू आणि तूरेन हे दोन प्रांत. आंजूमधील ग्लांफई येथील मठाशी निगडित अशा इ. स. ८४५ या सालाचा निर्देश शेनिनच्या संदर्भात वारंवार केला जातो. परंतु मळ्याचा उल्लेख आणि जातीचा उल्लेख या दोन भिन्न गोष्टी आहेत. मठाकडे द्राक्षमळे होते एवढ्यावरून त्यांत कोणती जाती होती हे सिद्ध होत नाही. 'शेनिन' हे द्राक्षनाम निःसंदिग्धपणे भेटते ते सोळाव्या शतकात. शिनाँ गावानजीक जन्मलेल्या राब्ले याच्या 'गार्गांत्युआ' या १५३४ च्या सुमारास छापलेल्या ग्रंथात या नावाची द्राक्षे जखमेवर लावण्याच्या कामी येतात. प्रसंग विनोदी आहे; पण ज्या सहजतेने ते नाव तेथे आले आहे, तीवरून वाचकांना ते परिचित असले पाहिजे असे अनुमान निघते.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते मांडली जातात. तूरेनमधील कॉर्मरी गावाजवळच्या माँ-शनँ या स्थळावरून ते पडले, हे पहिले मत अधिक प्रचारात आहे. आंजूमधून आणलेल्या काड्या या ठिकाणी लावण्यात आल्या व तेथून जातीला नवे नाव मिळाले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. जुन्या फ्रेंच भाषेत कुत्र्यासंबंधीच्या गोष्टीस लावीत त्या विशेषणाशी दुसऱ्या मताचे अनुयायी हा शब्द जोडतात. यांपैकी पहिली उपपत्ती मान्य केल्यास एक बाब लक्षणीय ठरते : आंजूमध्ये असताना या वेलीला आंजूचे नाव नव्हते. तूरेनमध्ये गेल्यावर ती 'प्लां दांजू' म्हणजे 'आंजूचे रोप' झाली. मूळ गावाचे नाव माणसालाही परगावी गेल्यावरच चिकटते. मराठी आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांस ही प्रवृत्ती नवी नाही. नाशिक सोडणारा नाशिककर होतो, नाशकातच राहणाऱ्यास त्या नावाची गरज पडत नाही.

याच जातीस 'पिनो द ला ल्वार' असेही म्हटले जाई. येथील 'पिनो' हा शब्द घोसाचा आकार पाइनच्या फळासारखा दाट असल्यामुळे आला, असे मानतात. बर्गंडीतील सुप्रसिद्ध पिनो कुलाशी या जातीचे नाते नाही. परंतु वर्णलेखनात किंचित फरक असलेल्या या दोन शब्दांचा उच्चार एकच असल्यामुळे पुढे जगभर किती घोटाळे झाले, ते यथाक्रम येईलच.

इतकी नावे असूनही ल्वारच्या बाटलीवर मात्र द्राक्षाचे नाव छापण्याची रीत नव्हती. तेथे मद्य ओळखले जाई ते गावाच्या नावाने. १९३५ साली फ्रान्समध्ये उगमस्थाननामांचा कायदा झाला आणि १९३६ मध्ये वूव्रे, १९५० मध्ये कोतो द्यु लेयाँ, तर १९५२ मध्ये साव्हनियेर यांना कायदेशीर नामाधिकार प्राप्त झाला. 'वूव्रे' म्हणजे अमुक सीमेतील मद्य एवढा त्या शब्दाचा कायद्याने ठरलेला अर्थ. ते शेनिनपासून होते हे जाणत्यास ठाऊक, इतरांस ठाऊक असण्याचे कारण नाही. जातिनाम शेतात राहिले, बाजारात स्थळनाम गेले. येथून पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ या विभागणीत आहे.

३. एकाच द्राक्षाची अनेक रूपे

शेनिनची रूपे इतकी भिन्न का, याचा उलगडा तिच्या प्रकृतीत सापडतो. ही वेल लवकर फुटते आणि फळ उशिरा पिकते. शिवाय एकाच वेलीवरचे घोस एकदम तयार होत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळ पूर्ण पिकल्यावरही तिच्यातील आम्लता टिकून राहते. ल्वारचे खोरे सुमारे ४७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे द्राक्षशेतीच्या उत्तरसीमेलगत आहे. तेथे एखाद्या वर्षी शरद ऋतू उबदार लाभतो, तर एखाद्या वर्षी पावसाने आधीच गाठलेले असते. चांगल्या वर्षी फळात साखर भरते आणि गोड मद्य होते. मध्यम वर्षी निमगोड वा कोरडे. आणि फळ आंबट राहिले तर तेच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून फेसाळ मद्य करण्यास योग्य ठरते. म्हणजे मद्याचे रूप मळेवाल्याच्या आवडीपेक्षा त्या वर्षाच्या हवामानाने ठरे. वूव्रेचे १९४७ चे पीक गोड मद्यासाठी कीर्तिमान झाले, ते त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यामुळे.

लेयाँ या उपनदीच्या काठी याहून निराळा प्रकार घडतो. शरदातील सकाळी नदीवर धुके असते आणि दुपारी ऊन पडते. अशा हवेत पिकलेल्या फळावर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. एरवी पिकाचा नाश करणारी ही बुरशी येथे फळाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, पाणी उडून जाते व साखर, आम्ल आणि सुवास यांचा अर्क मागे राहतो. असे घोस एकाच वेळी सर्व मिळत नसल्याने मजुरांस त्याच मळ्यातून अनेक फेऱ्या करून निवडक खुडणी करावी लागते. कार द शोम आणि बॉनझो येथील अतिगोड मद्ये या पद्धतीने होतात. उच्च आम्लतेमुळे ती अनेक दशके बाटलीत टिकतात.

येथे व्यापाराचाही हात आहे, आणि तो विसरून चालणार नाही. सतराव्या शतकात डच व्यापारी ल्वारवर ठाण मांडून होते. त्यांना गोड पांढरे मद्य हवे असे. आंजू आणि ब्रिटनी यांच्या सीमेवर अँग्रांद येथे जकात द्यावी लागे. हलक्या मालाला ती परवडण्यासारखी नव्हती. परिणामी उत्तम गोड मद्य नदीने खाली नांतकडे व तेथून समुद्रापार जाऊ लागले आणि सामान्य माल पॅरिसकडे राहिला. 'समुद्राकडचे' व 'पॅरिसकडचे' असे मद्याचे दोन वर्गच त्या काळी पडले. आंजूच्या गोड परंपरेमागे हवामानाबरोबर जकातनाक्याचा असा भाग आहे.

रूप हे काही स्थळाचा कायमचा गुण नसते, हे साव्हनियेरच्या उदाहरणावरून दिसते. आज हे गाव कोरड्या, कठोर, दीर्घायुषी मद्यासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी तेथेही गोडसर मद्य होत असे. गावाचे नाव तेच राहिले, त्याने सूचित होणारी चव मात्र पालटली. वूव्रेच्या बाबतीत तर एकाच नावाखाली कोरडे, निमगोड, गोड व फेसाळ ही चारही मद्ये विकली जातात. युरोपीय नियमांनुसार प्रतिलिटर ४ ग्रॅमपर्यंत, आणि आम्लता पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत, साखर असलेले मद्य 'सेक' म्हणजे कोरडे. त्यावर १२, अथवा आम्लतेच्या प्रमाणात १८ ग्रॅमपर्यंत 'दमी-सेक'. ४५ ग्रॅमच्या आत 'म्वाले', आणि ४५ ग्रॅम वा त्याहून अधिक साखरेचे 'दू', अशी श्रेणी आहे. तथापि हे शब्द बाटलीवर असतीलच असे नाही. म्हणून 'वूव्रे' एवढेच वाचणाऱ्या ग्राहकास आत काय आहे याचा अंदाज पुष्कळदा येत नाही. स्थळनामाने मूळ सांगितले, रूप सांगितले नाही.

४. केप येथील 'स्टीन'

ल्वारवर मद्य विकत घेणाऱ्या डचांच्याच पूर्वेकडील व्यापारी कंपनीने १६५२ साली यान व्हान रीबेक याच्या हाताखाली केप ऑफ गुड होप येथे ठाणे वसविले. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांस ताजे अन्नपाणी पुरविणे हा त्याचा हेतू होता. हीच ती कंपनी, जिने १६३७ मध्ये कोकण किनाऱ्यावर वेंगुर्ले येथे वखार घातली होती. १६५५ साली केप येथे द्राक्षाच्या काड्या उतरल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तेथील पहिले मद्य गाळल्याची नोंद रीबेकने आपल्या रोजनिशीत केली. या पहिल्या काड्यांत शेनिन होती अशी परंपरागत समजूत आहे. समजूत म्हणूनच ती नोंदविली पाहिजे, कारण केपमध्ये ही जाती 'शेनिन' या नावाने वावरलीच नाही. तेथे तिचे नाव 'स्टीन' होते.

'स्टीन' या शब्दाचा अर्थ डच भाषेत दगड. परंतु द्राक्षास हे नाव का पडावे? जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथील 'श्टाइन' नावाच्या विख्यात मद्याशी साम्य कल्पून ते पडले असावे, असे एक मत. 'लिस्तान' या स्पॅनिश द्राक्षनामातील पहिले अक्षर फ्रेंच उपपद समजून गाळले गेले व उरलेल्या रूपाचे 'स्टीन' झाले, असे दुसरे मत. दुसरी उपपत्ती खरी मानली, तर या नावात एका भाषेतील शब्द दुसरीच्या व्याकरणाने तोडला आणि तिसरीच्या उच्चाराने उचलला, असे म्हणावे लागेल. वसाहतींच्या भाषाव्यवहारात अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

केपची इतर द्राक्षनामे स्टीनशेजारी ठेवून पाहिली म्हणजे नामकरणाची तेथील रीत स्पष्ट होते. 'फ्रान्सद्राइफ' म्हणजे फ्रेंच द्राक्ष. प्रत्यक्षात ती स्पेनमधील पालोमिनो निघाली. 'ग्रूनद्राइफ' म्हणजे हिरवे द्राक्ष. ती बोर्दोची सेमियाँ. १८२२ च्या सुमारास केपमधील वेलींपैकी ९३ टक्के वेली या एकाच जातीच्या होत्या, म्हणून तिला नुसते 'मद्यद्राक्ष' म्हटले तरी भागे. जिला 'केप रीसलिंग' म्हणत ती रीसलिंग नव्हती, 'क्रूशें' ही पश्चिम फ्रान्समधील जाती होती. आणि 'हर्मिटेज' या फ्रेंच स्थळनामाने ओळखली जाणारी सँसो, हर्मिटेज टेकडीवर होणाऱ्या सिराहून अगदी निराळी होती. १९२५ साली स्टेलेनबॉश येथे आब्राहाम इझाक पेरोल्ड याने पिनो न्वार आणि ही तथाकथित हर्मिटेज यांचा संकर केला, त्याला मिळालेल्या 'पिनोटाज' या नावात ती चूक कायमची गोठून राहिली आहे. फ्रेंच म्हटलेले स्पॅनिश, रीसलिंग म्हटलेले दुसरेच काही, अशी ही नामावली आहे. केवळ दप्तरांच्या आधाराने केपचा द्राक्षेतिहास लिहिणारा संशोधक यांपैकी प्रत्येक ठिकाणी फसला असता.

५. ओळख पटल्यानंतर

स्टीन म्हणजेच शेनिन ही ओळख निर्णायकपणे पटविली ती स्टेलेनबॉश विद्यापीठातील द्राक्षशेतीचे प्राध्यापक सी. जे. ऑर्फर यांनी, १९६० च्या दशकाच्या मध्यास. त्यांचे साधन साधे होते : पानांची तुलना. पानाच्या कडेचे दाते, देठाजवळच्या खाचेचा आकार, शेंड्याच्या कोवळ्या पालवीवरील लव, यांवरून जाती ओळखण्याचे शास्त्र फ्रान्समध्ये विकसित झाले होते. जे शेकडो वर्षांच्या कागदांतून निष्पन्न झाले नव्हते ते पानाने सांगितले. जनुकीय परीक्षणे पुष्कळ पुढची आहेत. दस्तऐवजाखेरीज प्रत्यक्ष वस्तूही पुरावाच असते, हे या ठिकाणी ध्यानात घ्यावयाचे.

योगायोग असा, की ही ओळख पटत असतानाच स्टीनचे भाग्य शिखरावर होते. १९५० च्या दशकात किण्वनाच्या वेळी तापमान थंड राखण्याचे तंत्र केपमध्ये रूढ झाले आणि उष्ण हवेतही ताजे, फळाच्या वासाचे पांढरे मद्य करता येऊ लागले. १९५९ मध्ये 'लीबरस्टाइन' नावाचे निमगोड मद्य बाजारात आले. त्याचा मुख्य आधार स्टीन होता. पहिल्या वर्षी ३०,००० लिटर खपलेले हे मद्य १९६४ मध्ये ३ कोटी १० लाख लिटरपर्यंत पोहोचले. पुढे 'स्टाइन' हा शब्दच निमगोड मद्याच्या वर्गाचे नाव म्हणून दक्षिण आफ्रिकेत रूढ झाला. 'स्टीन' हे द्राक्ष आणि 'स्टाइन' ही चव, अशी जवळजवळ सारखी लिहिली जाणारी दोन पदे एकाच बाजारात नांदू लागली. सामान्य ग्राहकाच्या मनात ती एकमेकांत मिसळली यात नवल नाही. स्टीन म्हणजे स्वस्त आणि गोडसर, असा संकेत पक्का झाला. १९६९ साली नेडरबुर्ग येथे ग्युंटर ब्र्योत्सेल यांनी याच द्राक्षापासून बुरशीयुक्त खुडणीचे 'एडलकूर' हे उंची मद्य सिद्ध केले. पण एका अपवादाने तो संकेत मोडला नाही. मोठ्या प्रमाणावर पीक देणारी ही वेल ब्रँडीसाठी ऊर्ध्वपातनाकडेही जात होती.

या संकेताचे परिणाम १९९० नंतर दिसले. वर्णभेदी राजवटीचा अंत होऊन जागतिक बाजार खुला झाला, तेव्हा देशातील द्राक्षलागवडीपैकी सुमारे एक तृतीयांश क्षेत्र शेनिनखाली होते. बाजारात मागणी होती काबेर्ने, शिराझ, शार्दने आणि सोव्हिन्याँ या नावांना. शेतकऱ्याने शेनिनच्या वेली उपटून ही नावे लावली. उपटलेल्या मळ्यांत चाळीस-पन्नास वर्षांच्या वेलीही होत्या. जुनी वेल फळ कमी देते, पण तिच्या कोरडवाहू, खोल गेलेल्या मुळांमुळे त्या फळात जे गुण उतरतात ते नव्या वेलीत चटकन येत नाहीत. सहकारी कारखान्यास मात्र टनावर भाव द्यावयाचा होता, आणि टनाच्या हिशेबात म्हातारी वेल हरते. द्राक्ष वाईट होते म्हणून ते उपटले गेले असे म्हणता येणार नाही. त्याच्या नावाला किंमत नव्हती, हे खरे कारण.

२००० साली तेथील उत्पादकांनी शेनिन ब्लाँ संघटना स्थापन केली. २००२ पासून रोझा क्रूगर यांनी देशभरातील जुन्या मळ्यांची नोंद करण्याचे काम हाती घेतले. २०१६ मध्ये त्याला 'ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट' असे संस्थारूप आले व २०१८ पासून ३५ वर्षे वा अधिक वयाच्या मळ्यांतील मद्याच्या बाटलीवर लागवडीच्या वर्षाची प्रमाणमुद्रा लावता येऊ लागली. या नोंदीत जुनी शेनिन अग्रभागी आहे. क्षेत्र घटून एक पंचमांशाहून कमी झाले असले तरी दक्षिण आफ्रिकेत आजही उरलेल्या सर्व जगात मिळून आहे त्यापेक्षा अधिक शेनिन आहे. विशेष असे, की यांपैकी काही उत्तम मद्ये आता द्राक्षाच्या नावाऐवजी 'स्कुर्फबर्ग' यासारख्या डोंगराच्या, मळ्याच्या नावाने ओळखली जातात. जातिनामाने दैन्य आले, जातिनामाच्याच शुद्धीने ते दूर झाले, आणि शेवटी केपनेही ल्वारप्रमाणे स्थळनामाचा आश्रय घेतला.

६. उसनी नावे

इतर वसाहतींचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. अर्जेंटिनात शेनिन 'पिनो ब्लांको' या नावाने लावली गेली. 'पिनो द ला ल्वार' या जुन्या नावातील श्रुतिसाम्याचा हा परिपाक. कॅलिफोर्नियातही ती 'व्हाइट पिनो' होती. १९५५ साली चार्ल्स क्रुग कारखान्याच्या मोंडावी कुटुंबाने तीच 'शेनिन ब्लाँ' या नावाने, किंचित गोड करून विकावयास काढली व ती लोकप्रिय झाली. तरी पुढे तेथील पुष्कळशी शेनिन 'शाब्ली' असे फ्रेंच गावाचे नाव लावलेल्या स्वस्त मिश्रणांत जिरली. पश्चिम ऑस्ट्रेलियात हौटन कारखान्याचे १९३७ पासूनचे प्रसिद्ध 'व्हाइट बर्गंडी' मुळात शेनिनचे होते. बर्गंडीशी त्याचा काही संबंध नव्हता. येथे स्थळनामाचा अर्थ स्थळ राहिला नाही. 'शाब्ली' म्हणजे कोरडे आणि हलके, 'बर्गंडी' म्हणजे भरदार, असे ते शैलीवाचक शब्द झाले. अर्थसंक्रमणाचा हा सुबोध नमुना होय : विशेषनाम आधी सामान्यनाम होते, मग गुणवाचक होते.

७. नाशिक

महाराष्ट्रात शेनिनचा प्रवेश अगदी अलीकडचा. १९९७ साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला द्राक्षमळ्यात सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ यांची लागवड केली. २००० मध्ये तेथील पहिले मद्य बाजारात आले. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केल्यावर इतरही कारखाने निघाले. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्याने येथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमधील खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनी शेतकरी तिचे वर्ष घडवितो, व युरोपात वेली निष्पर्ण असतात त्या जानेवारी ते मार्चच्या काळात येथे खुडणी होते. उन्हातही आम्लता राखण्याचा शेनिनचा गुण, जो ल्वारमध्ये कधी कधी दोष ठरतो, तो येथे तिचे मोठे भांडवल ठरला. निमगोड, फेसाळ आणि उशिरा खुडलेल्या फळांचे गोड, अशी ल्वारची रूपे नाशिकमध्येही अवतरली आहेत.

नामकरणाच्या दृष्टीने नाशिकची स्थिती विशेष आहे. येथे जातिनाम छापील, तयार आणि शुद्ध स्वरूपात आले; गोंधळ उरला तो इंग्रजी वर्णलेखनावरून होणाऱ्या 'चेनिन' या उच्चारापुरता. खाण्याच्या द्राक्षांत मात्र मराठी शेतकऱ्याची स्वतःची नामकरणपरंपरा आहे. थॉम्सन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातील एका बागाईतदाराचे, आणि ती जाती मुळात पश्चिम आशियातील सुलताना. तीमधून तासगाव तालुक्यात निवडलेला वाण 'तास-ए-गणेश' झाला. सोलापूरकडचा 'सोनाका' हा सोलापूर, नान्नज हे गाव आणि काळे हे आडनाव यांच्या आद्याक्षरांतून बनला असे सांगतात. या नावांत गाव आहे, माणूस आहे, श्रद्धा आहे. मद्याच्या द्राक्षाला असे नाव अद्याप पडलेले नाही. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास २०१० मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे; परंतु या नावाने कोणते द्राक्ष आणि कोणती चव सूचित व्हावी, याविषयी वूव्रेसारखा शतकांचा संकेत तयार झालेला नाही. तो कागदाने तयार होत नसतो. तोपर्यंत परक्या जातिनामाची बाजारातील चढउतार येथील शेतकऱ्यासही सोसावी लागेल, हा केपचा धडा आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की द्राक्षनामे एकाच जातीची असली तरी एकाच प्रकारची नसतात. काही उगम सांगतात, काही घोसाचा आकार, काही चव, आणि काही नुसता गैरसमज. म्हणून दप्तरात नाव आढळले की प्रथम ते कोणत्या प्रकारचे आहे हे ठरविले पाहिजे. ते कोणाचे आहे हा प्रश्न त्यानंतरचा. दुसरी गोष्ट, मद्याची शैली ही द्राक्षाच्या प्रकृतीतून, हवामानातून आणि व्यापारातून घडते; ती नावात आपोआप सामावलेली नसते. शेनिनची रूपे समजावयाची तर तिची आम्लता, तिचे उशिरा पिकणे आणि अँग्रांदचे जकातनाके ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चुकीचे नाव ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. केपमधील जुने मळे एका शब्दाच्या उतरलेल्या किमतीमुळे कुऱ्हाडीखाली गेले, आणि जे वाचले ते पुष्कळ अंशी कोणी तरी त्यांची वयासह, जातीसह नोंद केली म्हणून वाचले. वेल काडीने शतके ओलांडते. पण ती काडी कोणी लावावी की न लावावी, हे शब्द ठरवितो. पिकांच्या नावांची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाने आपल्या कामाचा हा परिणाम नजरेआड करू नये.